आईच्या, मावशीच्या आणि माझ्याही रक्तात गुणसूत्रांची मोडतोड जास्त दिसली. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: आईला ४४ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, केमो आणि शेक (रेडिएशन) हे सगळं गेल्या वर्षी पूर्ण झालं. त्यानंतर एका संशोधन प्रकल्पासाठी आई, तिची सख्खी बहीण आणि मी अशा तिघींचं रक्त घेतलं. अहवालात तिघींच्या नावापुढे ‘गुणसूत्रांतील तुटी व मायक्रोन्यूक्लियस यांचे प्रमाण निरोगी गटापेक्षा जास्त’ असं लिहिलं आहे. सर्वांत जास्त आईचं, मग मावशीचं, मग माझं. मी २७ वर्षांची आहे. मलाही कर्करोग होणार का? ही तपासणी दर वर्षी करायची का? लग्न ठरतंय, तिकडे हे सांगायला हवं का?

उत्तर:

या अहवालावरून तुम्हाला कर्करोग होणार असं म्हणता येत नाही, आणि होणार नाही असंही म्हणता येत नाही. तो कागद त्यासाठी बनलेलाच नाही. रुग्णांचा गट, नातेवाइकांचा गट आणि निरोगी बायकांचा गट यांच्या सरासरीत फरक आहे का, हे पाहण्यासाठी ही तपासणी करतात. ती प्रत्येकीच्या हातात तिचं नाव घालून, कुणीही समोर बसून न समजावता देणं मला पटत नाही. तुमच्यासारख्या मुली तो कागद पर्समध्ये घेऊन फिरतात आणि रात्री झोपत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

तरीही तुमच्या घरात एक महत्त्वाचा प्रश्न आहेच. तो अहवालातल्या आकड्यांमुळे उभा राहत नाही, आईच्या वयामुळे राहतो. पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईची जनुकीय तपासणी व्हायला हवी. ती झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुधा झालेली नसावी. त्याकडे येतेच, पण आधी तुमच्या हातातला कागद नीट समजून घेऊ, कारण तो समजला की भीती बरीच उतरेल.

तुमच्या दंडातून जे रक्त घेतलं त्यातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी लॅबमध्ये वाढवतात. या पेशी शरीरात एरवी स्वस्थ पडून असतात. विभाजन सुरू करायला त्यांना फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य द्यावं लागतं. गुणसूत्रांतल्या तुटी पाहायच्या तर दोन ते तीन दिवसांनी कोल्चिसिन घालून विभाजन ऐन मध्यावर थांबवतात, पेशी फुगवतात, स्लाइडवर थेंब सोडून जिएम्सा रंगाने रंगवतात, आणि माणूस मायक्रोस्कोपखाली बसून एकेका पेशीतली ४६ गुणसूत्रं तपासतो. कुठे तुकडा पडलाय, कुठे दोन गुणसूत्रं चिकटून दोन मध्यबिंदूंचं एक झालंय, कुठे कडं तयार झालंय, हे नोंदवायचं. अशा साधारण १०० पेशी पाहतात. दुसऱ्या पद्धतीत सायटोकॅलॅसिन-बी घालून पेशीचं केंद्रक दोन होऊ देतात, पण पेशी दुभंगू देत नाहीत. विभाजनात मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा, किंवा वाट चुकलेलं अख्खं गुणसूत्र, मुख्य केंद्रकाशेजारी छोट्या ठिपक्यासारखं दिसतं. तोच मायक्रोन्यूक्लियस. ही पद्धत फेनेक आणि मॉर्ली यांनी १९८५ साली मांडली. अशा किमान १००० पेशी मोजतात.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पाहिलेल्या पेशी रक्तातल्या आहेत, स्तनातल्या नाहीत. आणि निरोगी माणसाच्या रक्तातही अशी मोडतोड रोज होत असते. शिवाय दोन लॅबचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण मोजणाऱ्याची नजर, रंग, किती तास वाढवलं, सगळ्याचा फरक पडतो. एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी, त्याच वयाच्या निरोगी बायकांशी तुलना केली असेल तरच ‘जास्त’ या शब्दाला अर्थ आहे.

आता आईचा आकडा. तो वाचूच नका, असं मी सांगेन. केमोतली ती लाल रंगाची सलाइन म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते डीएनएचे धागे तोडतं, आणि सोबत दिलं जाणारं सायक्लोफॉस्फमाइड डीएनएला चिकटून त्याची नक्कल बिघडवतं. शेक म्हणजे तर क्ष-किरणच, त्याची खूणच दोन मध्यबिंदूंचं गुणसूत्र ही आहे. गाठीच्या पेशी मारायला दिलेला हा मार रक्तातल्या पेशींवरही बसतो. लिम्फोसाइट दीर्घायुषी असतात, त्यामुळे ती मोडतोड उपचार संपल्यावर अनेक महिने, कधी काही वर्षं दिसत राहते. आईच्या रक्तात आज दिसणाऱ्या तुटींपैकी किती मूळच्या आणि किती उपचारांच्या, हे जगातली कोणतीही लॅब सांगू शकणार नाही. म्हणून चांगल्या अभ्यासांत रुग्णाचं रक्त केमो सुरू होण्याआधी घेतात. तसं घेतलं तरी रुग्णांच्या गटात मोडतोड निरोगी गटापेक्षा जास्त आढळते, हे मात्र अनेक ठिकाणी दिसलं आहे.

नातेवाइकांत ती का दिसावी? हा भाग मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून थोडा सविस्तर सांगते.

अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात मुलांचा तोल जातो, डोळ्यांत लाल शिरा दिसतात आणि त्यांच्या पेशी क्ष-किरणांपुढे अजिबात टिकत नाहीत. ११ व्या गुणसूत्रावरच्या एटीएम जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की तो होतो. मायकेल स्विफ्ट या संशोधकांनी १९८७ साली अमेरिकेतल्या अशा कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा दिसलं, की या मुलांच्या निरोगी स्त्री-नातेवाइकांत, म्हणजे ज्यांच्याकडे एकच बिघडलेली प्रत असते त्यांच्यात, स्तनाचा कर्करोग जास्त आहे. पुढच्या अभ्यासांनी हा धोका साधारण दुप्पट ते तिप्पट ठरवला. किरणांनी गुणसूत्रं सहज तुटणं आणि स्तनाचा कर्करोग यांचा घराण्यातून चालणारा संबंध इथून पुढे गांभीर्याने शोधला जाऊ लागला.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या संशोधकांच्या गटाने मग एक वेगळी युक्ती केली. रक्तात आपोआप किती तुटी आहेत हे न मोजता त्यांनी लॅबमध्ये पेशींना ठरावीक मात्रेत किरण दिले आणि मग किती तुटतंय ते पाहिलं. स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे ४० टक्के बायकांच्या पेशी जास्त संवेदनशील निघाल्या. निरोगी गटात हे प्रमाण ५ ते १० टक्के होतं. १९९९ साली त्यांनी नातेवाईक तपासले. संवेदनशील निघालेल्या १६ रुग्णांच्या ३७ सख्ख्या नातेवाइकांपैकी २३ जण, म्हणजे ६२ टक्के, स्वतः संवेदनशील होते. ज्यांच्या पेशी सामान्य होत्या अशा चार रुग्णांच्या १५ नातेवाइकांत मात्र फक्त एक. डीएनए दुरुस्त करण्याची ताकद घराण्यातून येते, याचा हा ठळक पुरावा. आपल्याकडे हैदराबादच्या संशोधकांनी २००० साली कॉमेट तपासणी (एकेका पेशीतल्या डीएनएची तुटफूट मोजणारी) वापरून रुग्ण आणि त्यांच्या सख्ख्या स्त्री-नातेवाईक तपासल्या. डीएनएची इजा रुग्णांत सर्वांत जास्त, नातेवाइकांत मधली आणि बाहेरच्या निरोगी बायकांत सर्वांत कमी निघाली. तुमच्या अहवालातली आई, मावशी, मुलगी अशी उतरंड याच चित्राशी जुळते. तिच्यात नवल नाही.

पण मँचेस्टरच्या त्याच आकड्यांकडे तुमच्या बाजूने पाहा. रुग्णांपैकी ६० टक्क्यांच्या पेशी सामान्य होत्या, तरी त्यांना कर्करोग झाला. निरोगी बायकांतल्या ५ ते १० टक्के संवेदनशील होत्या, तरी त्या निरोगी होत्या. अशा तपासणीवर एका बाईचा निर्णय घेता येत नाही.

आणि घराणं म्हणजे नुसती जनुकं नव्हेत. एका घरातल्या बायका एकाच चुलीचा धूर घेतात, एकाच ताटातलं खातात. मावशी मिश्री लावते का, हे मला आधी विचारावंसं वाटतं. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात अजून कितीतरी बायका सकाळी मिश्री लावल्याशिवाय कामाला लागत नाहीत, आणि ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजत नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि गुणसूत्रांची मोडतोड वाढवते. वय वाढलं की मायक्रोन्यूक्लियस वाढतात, बायकांत पुरुषांपेक्षा जास्तच, कारण उतारवयात एक एक्स गुणसूत्र मागे राहण्याचं प्रमाण वाढतं. मावशीचा आकडा तुमच्यापेक्षा जास्त असायला एवढं कारणही पुरतं. नुकतंच सीटी स्कॅन झालं असेल, शेतात फवारणीचं काम असेल, तरी आकडा चढू शकतो.

फोलेट आणि बी-१२ या जीवनसत्त्वांबद्दल वेगळं सांगते, कारण यावर लगेच काही करता येतं. फोलेट कमी पडलं की डीएनएत थायमिन या अक्षराच्या जागी युरॅसिल हे चुकीचं अक्षर बसतं, पेशी ते उपटून काढायला जाते आणि त्या खटपटीत धागाच तुटतो. बी-१२ कमी असेल तर शरीराला असलेलं फोलेटही नीट वापरता येत नाही. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता आपल्याकडे इतकी सर्रास आहे, की असा कोणताही अहवाल पाहिल्यावर मी पहिल्यांदा बी-१२ तपासायला सांगते. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्या. यामुळे कर्करोग टळेल असा दावा मी करत नाही; कमतरता मुळात भरून काढण्याजोगी आहे आणि तुमच्या आकड्याचं ते साधं कारण असू शकतं. ‘डीएनए दुरुस्त करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलवर मात्र पैसे घालवू नका.

आकडा जास्त असलेल्यांना पुढे कर्करोग जास्त होतो का, याचाही अभ्यास झाला आहे. नॉर्डिक (उत्तर युरोपातले) देश आणि इटली इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की रक्तात गुणसूत्रांच्या तुटी जास्त असलेल्यांत पुढे कर्करोग काहीसा जास्त होतो. २००७ मध्ये १० देशांतल्या ६७१८ लोकांची माहिती एकत्र केली. मायक्रोन्यूक्लियस कमी असलेल्या गटाच्या तुलनेत मधल्या गटात कर्करोगाचं प्रमाण १.८४ पट आणि जास्त असलेल्या गटात १.५३ पट निघालं. मधल्या गटाचा धोका वरच्या गटापेक्षा कमी नाही, उलट थोडा जास्तच दिसतो, हे पाहा. म्हणजे आकडा जेवढा वर तेवढा धोका वर, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. शिवाय हे सर्व प्रकारच्या कर्करोगांबद्दल आहे, एकट्या स्तनाच्या नाही. म्हणून दर वर्षी ही तपासणी करू नका. आकडा कमी आला तर खोटा दिलासा मिळेल, जास्त आला तर नवी धास्ती, आणि दोन्ही वेळा डॉक्टर तुमच्यासाठी वेगळं काहीच करणार नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे. स्तनाच्या कर्करोगांपैकी ५ ते १० टक्के एकाच बिघडलेल्या जनुकामुळे होतात. त्यातली मुख्य दोन: १७ व्या गुणसूत्रावरचं बीआरसीए-१ आणि १३ व्यावरचं बीआरसीए-२. मेरी-क्लेअर किंग या जनुकशास्त्रज्ञांनी १९९० साली पहिल्याचा पत्ता १७ व्या गुणसूत्रापर्यंत नेला. १९९४ मध्ये ते हाती लागलं, पुढच्या वर्षी दुसरं. ही जनुकं करतात काय? डीएनएचे दोन्ही धागे तुटले की पेशी शेजारची जुळी प्रत समोर ठेवून, तिच्याबरहुकूम, रफू करणारा कारागीर विणतो तशी वीण पुन्हा घालते. बीआरसीए नसेल तर ती टोकं कशीबशी ओढून नुसती गाठ मारते, आणि त्या गाठीत कधी अक्षरं गळतात, कधी एका गुणसूत्राचं टोक दुसऱ्याला जोडलं जातं. स्तनाच्या पेशीत अशी मोडतोड साचत गेली की कर्करोगाची वाट मोकळी होते.

हा बिघाड मायक्रोस्कोपखाली दिसत नाही. तो बहुतेक वेळा एकदोन अक्षरांचा असतो, आणि त्यासाठी जनुक अक्षर-अक्षर वाचावं लागतं. उलट, बिघडलेली प्रत जन्मतः मिळालेल्या बाईच्या रक्तपेशींत दुसरी चांगली प्रत काम करत असते, त्यामुळे तिच्या लिम्फोसाइटमध्ये तुटी वाढलेल्या दिसतीलच असं नाही. काही अभ्यासांत दिसल्या, काहींत नाही. म्हणून मी दोन्ही बाजूंनी सांगते: तुमचा आकडा जास्त आहे म्हणून तुमच्यात बीआरसीएचा दोष आहे असं नाही, आणि उद्या एखाद्या बहिणीचा आकडा सामान्य आला म्हणून ती सुटली असंही नाही.

तपासणी आधी आईची करा. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण घाबरलेली मुलगी स्वतःचं रक्त घेऊन येते. तुमचीच आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात: घरात दोष आहे पण तुमच्याकडे आला नाही, किंवा आईचा कर्करोग वेगळ्याच कारणाने झाला. यातलं कोणतं खरं ते कळत नाही. आईत दोष सापडला, तर तुमच्यात तोच एक दोष शोधायचा आणि उत्तर स्पष्ट हो किंवा नाही येतं. तुमच्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी. मावशीचंही तसंच. नुसत्या बीआरसीएऐवजी पीएएलबी-२, टीपी-५३, एटीएम, चेक-२ या जनुकांचाही समावेश असलेलं पॅनेल, म्हणजे अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी, करून घ्या.

आईचाही यात स्वतःचा फायदा आहे, ती फक्त लेकीसाठी सुई टोचून घेत नाही. दोष निघाला तर दुसऱ्या स्तनाची आणि अंडाशयांची काळजी घेता येते. ओलापॅरिबसारखी औषधं याच दुरुस्तीच्या उणिवेचा फायदा घेतात: कर्करोगाच्या पेशीची एक दुरुस्ती आधीच बंद असते, औषध दुसरी बंद करतं आणि ती पेशी मरते. एचईआर-२ निगेटिव्ह (गाठीच्या पेशींवर एचईआर-२ नावाचं प्रथिन वाढलेलं नसलेल्या) आणि कर्करोग परत येण्याचा धोका जास्त असलेल्या बीआरसीए रुग्णांत ऑपरेशन आणि केमोनंतर वर्षभर हे औषध दिल्याने फायदा होतो, हे २०२१ मध्ये सिद्ध झालं. आईचे उपचार नुकतेच संपलेत, त्यामुळे तिच्या ऑन्कोलॉजिस्टना हे लवकर विचारा.

आईच्या तपासणीत दोष निघाला नाही तर? मग तुमचा धोका साध्या कौटुंबिक धोक्याइतका. त्याबद्दल २००१ सालचं मोठं संकलन आहे, ५२ अभ्यासांतल्या ५८,२०९ रुग्णांचं. एक सख्खी नातेवाईक रुग्ण असेल तर धोका सुमारे १.८ पट, दोन असतील तर २.९३ पट. आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या दर नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आई, बहीण किंवा मुलीला तो झालेला नव्हता. एक तिसरा निकालही येतो: ‘अर्थ न लागलेला बदल’. तो आला तर त्यावरून कोणतंही ऑपरेशन करू नका. तो दोष नव्हे.

दोष निघालाच, आणि तुमच्यातही असला, तर ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता बीआरसीए-१ मध्ये सुमारे ७२ टक्के, बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के. अंडाशयाच्या कर्करोगाची अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. आकडे मोठे आहेत, पण अशा मुलींसाठी आखलेला रस्ता आहे: पंचविशीपासून दर वर्षी स्तनांचा एमआरआय, मुलं झाल्यावर बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय काढणं, स्तनांबद्दलचा निर्णय स्वतःच्या वेळेने. तिशीच्या आत मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा, आग्रह धरू नका. बीआरसीएचा दोष असलेल्या बायकांत ३० च्या आधी छातीवर पडलेले क्ष-किरण धोका वाढवतात, असं युरोपातल्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं. एमआरआयमध्ये किरण नसतात. दोष नसेल तर आईच्या वयाच्या दहा वर्षं आधी, म्हणजे ३४ च्या सुमाराला, तपासण्या सुरू करा.

इथे एक गैरसमज मला आजच मोडायचा आहे. ‘आमच्या घरात किरणं सोसत नाहीत’ असा अर्थ काढून काही जणी पुढे शेक नाकारतात. तसं करू नका. लॅबमधली ही संवेदनशीलता उपचार टाळण्याचं कारण नाही. शेक घेतल्याने कर्करोग परत येणं कमी होतं. टीपी-५३ चा दोष असेल तर डॉक्टर शक्य तिथे किरण टाळतात. एटीएमच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ते फार जपून देतात, पण त्या आजाराची खूण लहानपणीच दिसते.

मावशीसाठी सोपं आहे. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निकाल आले: गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मावशीने अशी तपासणी करून घ्यावी, जमेल तर मॅमोग्राफीही, आणि मिश्री सोडावी.

लग्नाचं विचारलंत. हा अहवाल कुणाला दाखवण्याचं काहीच कारण नाही; त्यात तुमच्याबद्दल ठरवण्यासारखं काही नाही. आईला कर्करोग होऊन गेला हे लपवूही नका. जनुकीय तपासणीत तुमच्यात दोष निघाला तर ते ज्याच्याशी लग्न करताय त्याला सांगावं, आणि ते तुम्ही स्वतः, तुम्हाला समजल्यानंतर सांगावं. नातेवाइकांच्या बैठकीत नाही.

जनुकीय समुपदेशनाला येताना आईचा बायोप्सीचा रिपोर्ट आणा, विशेषतः ईआर, पीआर (गाठीवरचे हार्मोनचे ग्राही) आणि एचईआर-२ लिहिलेलं पान. आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या कागदावर काढून आणा: कुणाला कोणता कर्करोग, कितव्या वर्षी. तुमचा स्वतःचा दोष वडिलांकडूनही येऊ शकतो, म्हणून आत्या आणि आजीकडची बाजूही विचारा. ‘पोटात पाणी झालं होतं’ असं जुन्या बायकांबद्दल सांगतात, ते कधी अंडाशयाचं असतं, तेही लिहा. भाऊ असेल तर त्याला सोबत आणा. दोष त्याच्याकडेही निम्म्या शक्यतेने येतो, त्याच्याकडून त्याच्या मुलींकडे जातो, आणि बीआरसीए-२ असेल तर त्याला स्वतःला प्रोस्टेटची आणि स्तनाचीही तपासणी लागते.